मजूर पक्ष आपला आणि हुजूर पक्ष परका? ब्रिटिश संसदेतला स्वराज्याचा वाद कसा वाचावा

प्रश्न असा आहे: स्पर्धा परीक्षेच्या उत्तरात ‘ब्रिटनचा मजूर पक्ष भारताच्या स्वराज्याच्या बाजूचा होता आणि हुजूर पक्ष विरोधात होता’ असं एका वाक्यात लिहिलं तर चालेल का? आणि हे मुळातून तपासायचं असेल तर ब्रिटिश संसदेची जुनी इतिवृत्तं कशी वाचायची?

चालणार नाही. का चालणार नाही, हे कळायला ११ फेब्रुवारी १९३५ ची एक मतविभागणी पुरेशी आहे. भारत सरकार कायद्याच्या विधेयकाचं दुसरं वाचन कॉमन्स सभेत चालू होतं. चार दिवस चर्चा झाली आणि बाजूने ४०४, विरोधात १३३ अशी मतं पडली. त्या १३३ जणांत चर्चिल आणि त्यांच्या बाजूचे हुजूर पक्षाचे ऐंशीच्या आसपास सभासद आहेत. विधेयक भारताला फार काही देऊन टाकतं, असं त्यांचं म्हणणं. त्याच यादीत मजूर पक्षाचे सभासदही आहेत. विधेयक फारच थोडं देतं आणि त्यात वसाहतीच्या स्वराज्याचा (डोमिनियन स्टेटसचा) साधा उल्लेखही नाही, हे त्यांचं कारण. दोन्ही गट मत देताना एकाच लॉबीतून, म्हणजे ‘नाही’वाल्यांच्या मार्गिकेतून गेले आणि एकाच आकड्यात मोजले गेले. विधेयक मंजूर करून घेतलं ते हुजूर पक्षाचं प्राबल्य असलेल्या राष्ट्रीय सरकारने, आणि सभागृहात ते लढवलं सॅम्युअल होर या हुजूर पक्षाच्याच भारतमंत्र्यांनी. म्हणजे आपल्या राज्यघटनेने ज्यातून पुष्कळ काही उचललं, तो कायदा हुजूर पक्षाने केला आणि मजूर पक्षाने त्याविरुद्ध मत दिलं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण यातलं एकच वाचून थांबणारा फसतो.

खरी लढाई हुजूर पक्षाच्या आतच झाली, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवावा. जानेवारी १९३१ मध्ये चर्चिल यांनी भारताच्याच प्रश्नावरून पक्षाच्या आघाडीच्या नेतेमंडळातून अंग काढून घेतलं. त्याआधी, ३१ ऑक्टोबर १९२९ ला व्हाइसरॉय आयर्विन यांनी जाहीर केलं होतं, की भारताच्या घटनात्मक प्रगतीचा स्वाभाविक शेवट म्हणजे वसाहतीचं स्वराज्य. पक्षनेते बाल्डविन या घोषणेच्या मागे उभे राहिले आणि पक्षातल्या कडव्या गटाला ते सहन झालं नाही. डिसेंबर १९३१ मध्ये चर्चिल यांच्या बाजूला कॉमन्समध्ये ४३ मतं होती आणि समोर ३६९. सभागृहात डाळ शिजत नाही असं दिसल्यावर ही मंडळी पक्षाच्या शाखांकडे वळली. १९३३ मध्ये ‘इंडिया डिफेन्स लीग’ उभी राहिली. ऑक्टोबर १९३४ मध्ये ब्रिस्टलच्या पक्षअधिवेशनात नेतृत्वाचा विजय झाला तो ५४३ विरुद्ध ५२० मतांनी, म्हणजे अवघ्या २३ मतांच्या फरकाने. डिसेंबरमध्ये पक्षाच्या मध्यवर्ती परिषदेत मात्र १,१०२ विरुद्ध ३९० असं चित्र पालटलं. दोन महिन्यांत काय बदललं? मधल्या काळात लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त प्रवर समितीचा अहवाल आला. दोन्ही सभागृहांच्या ३२ सभासदांच्या या समितीने सरकारच्या श्वेतपत्रिकेला, म्हणजे विधेयकाआधी मांडलेल्या आराखड्याला, आणखी संरक्षक तरतुदींचं कुंपण घातलं आणि कुंपणावर बसलेले हुजूर सभासद सरकारकडे आले.

या संरक्षक तरतुदी म्हणजेच त्या वादाचं मर्म. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार गव्हर्नर जनरलच्या हाती राखीव, प्रांतांच्या गव्हर्नरांना ‘विशेष जबाबदाऱ्या’, ब्रिटिश व्यापाराविरुद्ध भेदभाव करायला कायद्यानेच बंदी. शेवटच्या मुद्द्यामागे लँकेशायरचा कापडधंदा उभा होता. एप्रिल १९३४ मध्ये चर्चिल यांनी थेट आरोप केला, की होर आणि लॉर्ड डर्बी यांनी दबाव आणून मँचेस्टर चेंबर ऑफ कॉमर्सला समितीपुढची आपली साक्ष बदलायला लावली. प्रकरण विशेषाधिकार समितीकडे गेलं आणि समितीचा निकाल चर्चिल यांच्या विरोधात लागला. भारताच्या राज्यकारभाराच्या चर्चेत मँचेस्टरच्या गिरण्या इतक्या मध्यभागी होत्या, हे आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतं, आणि ते यायला हवं.

मुंबईचाही एक धागा इथे आहे. दुसरं वाचन संपून दोन आठवडे होतात न होतात तोच, फेब्रुवारी १९३५ च्या अखेरीस, संस्थानिकांची मुंबईत बैठक झाली आणि विधेयक आहे त्या रूपात पसंत नसल्याचं त्यांनी कळवलं. बातमी लंडनला पोचताच चर्चिल यांनी समितीच्या टप्प्यावर कामकाज थांबवण्याची मागणी केली. ती फेटाळली गेली. पण कायद्यातली मेख इथेच होती. वरिष्ठ सभागृहातल्या संस्थानांच्या १०४ जागांपैकी किमान ५२ जागांचे हक्कदार संस्थानिक सामील झाले आणि त्यांच्या राज्यांची लोकसंख्या सर्व संस्थानांच्या निम्मी भरली, तरच प्रांत आणि संस्थानं मिळून होणारं संघराज्य अस्तित्वात येणार होतं. ती अट कधी पुरी झाली नाही. प्रांतिक स्वायत्तता आली आणि संघराज्य कागदावरच राहिलं.

आता शब्दांकडे वळू. या वादात एकेका शब्दावर मंत्रिमंडळात खल झाला आहे आणि मराठी भाषांतरात तो फरक पुसला जातो. २० ऑगस्ट १९१७ ची भारतमंत्री माँटेग्यू यांची घोषणा घ्या. आधीच्या मसुद्यांत ‘सेल्फ गव्हर्नमेंट’ होतं. लॉर्ड कर्झन यांनी त्याजागी ‘रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट’ घातलं. कर्झन यांना वाटलं, की स्वराज्यापेक्षा हा शब्द सौम्य आहे. घटनाशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो जास्त कडक ठरला, कारण जबाबदार राज्यपद्धती म्हणजे निवडून आलेल्या कायदेमंडळाला उत्तर देणारे मंत्री. त्या एका शब्दामुळे १९१९ च्या सुधारणांत प्रांतांची खाती ‘सोपीव’ आणि ‘राखीव’ अशी विभागून द्विदल राज्यपद्धती आणावी लागली. माँटेग्यू यांच्या घोषणेच्या जेमतेम नऊ वर्षं आधी, डिसेंबर १९०८ मध्ये, तेव्हाचे भारतमंत्री मोर्ले यांनी लॉर्ड्स सभेत सांगितलं होतं, की आपल्या सुधारणा भारतात संसदीय पद्धत आणणार असतील तर आपला त्यांच्याशी काहीही संबंध राहणार नाही. मोर्ले उदारमतवादी पक्षाचे आणि गोखल्यांशी प्रत्यक्ष विचारविनिमय करणारे होते, हे विसरू नका.

१९१९ च्या कायद्याची उद्देशिका तर शब्दशः वाचावी. पुढचं प्रत्येक पाऊल केव्हा आणि कसं टाकायचं हे फक्त ब्रिटिश संसद ठरवील, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या लोकांचा मुख्य आक्षेप याच वाक्याला होता. टिळक १९१८ च्या अखेरीपासून वर्षभर इंग्लंडमध्ये होते. पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावरचा बदनामीचा खटला ते हरले, पण मुक्काम त्यांनी वाया घालवला नाही. मजूर पक्षाच्या लोकांशी संबंध जोडले आणि १९१९ मध्ये होमरूल लीगच्या वतीने संयुक्त प्रवर समितीपुढे साक्ष दिली. ‘किती द्यायचं’ यापेक्षा ‘कोण ठरवणार’ हा प्रश्न मोठा आहे, हे ओळखणाऱ्या पिढीतले ते होते. १९३५ चा कायदा करताना १९१९ चा कायदा रद्द झाला, पण त्याची उद्देशिका तेवढी जिवंत ठेवली गेली. नव्या कायद्याला उद्देशिकाच लिहिली नाही, कारण लिहायची तर वसाहतीचं स्वराज्य हा शब्द घालायचा की नाही, हे ठरवावं लागलं असतं. घातला तर कडवा गट बिथरणार, गाळला तर आयर्विन यांचं वचन मोडणार. होर यांनी मग सभागृहात तोंडी सांगितलं, की जुनी वचनं कायम आहेत.

‘वसाहतीचं स्वराज्य’ याचाही अर्थ स्थिर नव्हता. १९२६ च्या साम्राज्य परिषदेने वसाहतींना ब्रिटनच्या बरोबरीच्या, स्वायत्त म्हटलं आणि डिसेंबर १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने त्यावर शिक्का मारला. त्यामुळे १९१७ मध्ये हे शब्द उच्चारणारा माणूस आणि १९३१ नंतर उच्चारणारा माणूस एकच गोष्ट मागत नाही. तारीख न पाहता अवतरण उचललं की इथे हमखास चूक होते.

मजूर पक्षाचं काय? तो विरोधात असताना काय बोलला आणि सत्तेत असताना त्याने काय केलं, हे दोन वेगळ्या रकान्यांत मांडा. विरोधात असताना जॉर्ज लॅन्सबरी यांनी १९२५ मध्ये ॲनी बेझंट यांच्या पुढाकाराने तयार झालेलं ‘कॉमनवेल्थ ऑफ इंडिया’ विधेयक कॉमन्समध्ये मांडलं. ते पहिल्या वाचनापुढे सरकलं नाही. पहिल्या वाचनाला चर्चा नसते, त्यामुळे ‘संसदेत भारताच्या स्वराज्याचं विधेयक वाचलं गेलं’ या वाक्याने भारावून जाऊ नये. सत्तेत असताना, ऑक्टोबर १९२४ मध्ये, बंगालमध्ये विनाचौकशी अटकेचा अध्यादेश निघाला तो मॅक्डोनाल्ड यांच्या मजूर सरकारच्या संमतीने. १९२७ मध्ये सायमन आयोगावर एकही भारतीय नव्हता, पण मजूर पक्षाचे दोन सभासद होते, आणि त्यांतले एक होते ॲटली.

आणि १९३० पाहा. मिठाच्या सत्याग्रहातली धरपकड मजूर सरकारच्याच काळातली. सोलापूरचा मार्शल लॉ मे १९३० चा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं, तेव्हा पंतप्रधान मॅक्डोनाल्ड होते आणि भारतमंत्री वेजवुड बेन. बरोबर सात दिवसांनी, १९ जानेवारीला, त्याच मॅक्डोनाल्ड यांनी पहिल्या गोलमेज परिषदेचा समारोप करताना जबाबदार राज्यपद्धतीचं आश्वासन दिलं. सोलापूरच्या वाचकाला ‘मजूर पक्ष आपला’ हे वाक्य का खटकतं, ते या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळतं. मजूर पक्षात मनापासून भारताच्या बाजूने झगडणारे लोक होते, यात शंका नाही. पण सरकार चालवताना त्या पक्षाने व्हाइसरॉयचा हात सहसा अडवला नाही.

आता संसदेची कार्यपद्धती. हा भाग रूक्ष वाटला तरी टाळू नका, कारण भाषणापेक्षा नियमातून जास्त कळतं.

१८५८ च्या कायद्याने भारतमंत्री हे पद आणि १५ जणांचं इंडिया कौन्सिल निर्माण झालं. या मंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरीतून नव्हे, भारताच्या महसुलातून जाई. परिणाम असा, की इतर खात्यांचा खर्च मंजूर करताना सभासद त्या त्या मंत्र्याला धारेवर धरू शकत, तशी संधी भारतमंत्र्याच्या बाबतीत मिळत नसे. भारताचा हिशेब वर्षातून एकदा, अधिवेशनाच्या शेवटाला, बहुतेक रिकाम्या बाकांसमोर मांडला जाई. दादाभाई १८९२ मध्ये फिन्सबरीतून निवडून गेले ते अशा सभागृहात. १८९३ मध्ये त्यांच्या बाजूच्या मंडळींना एक मोठं यश मिळालं: सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंड आणि भारतात एकाच वेळी घ्याव्यात, असा ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत झाला. पुढे काय झालं? भारत सरकारने विरोध केला आणि ठराव बासनात गेला. कॉमन्सचा ठराव हा कायदा नसतो. तो अंमलात आणायला सरकार बांधील नसतं. ‘ब्रिटिश संसदेने मान्य केलं’ असं कुठेही वाचलं, की पहिला प्रश्न हाच विचारा: ठराव, की कायदा?

भारतमंत्र्याचा पगार ब्रिटिश अंदाजपत्रकात आला तो १९१९ च्या कायद्याने. त्याचा उपयोग वर्षाच्या आत दिसला. ८ जुलै १९२० रोजी जालियनवाला बागेच्या प्रकरणावर कॉमन्समध्ये चर्चा झाली, ती याच अंदाजपत्रकाच्या निमित्ताने. मजूर पक्षाने पगारात कपात सुचवली, कारण सरकारची कारवाई त्यांना अपुरी वाटत होती. एडवर्ड कार्सन यांनीही कपात सुचवली, पण डायरवर अन्याय झाला म्हणून. हत्यार तेच, रोख उलटा. कार्सन यांची सूचना २३० विरुद्ध १२९ मतांनी पडली. त्या दिवशी सरकारची बाजू सावरली ती युद्धमंत्री चर्चिल यांनी. अमृतसरच्या गोळीबाराला त्यांनी राक्षसी घटना म्हटलं. हे तेच चर्चिल, आणि त्यांच्या मनात विसंगती नव्हती: साम्राज्य टिकवायचं तर ते दहशतीवर टिकत नाही, असं त्यांचं मत होतं. लॉर्ड्स सभेने मात्र त्याच महिन्यात डायरला मिळालेल्या वागणुकीबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव १२९ विरुद्ध ८६ असा संमत केला. दोन्हीकडे १२९ हा आकडा येतो हा निव्वळ योगायोग आहे. कॉमन्समध्ये ती हरलेली बाजू आहे, लॉर्ड्समध्ये जिंकलेली. या आकड्यांची अदलाबदल झालेली बऱ्याचदा दिसते.

प्रत्यक्ष वाचायला बसाल तेव्हा हा क्रम ठेवा. संसदेचं इतिवृत्त, म्हणजे हॅन्सार्ड, १८०३ पासूनचं संगणकावर मोफत वाचता येतं. तारीख, सभागृह आणि विधेयकाचा टप्पा आधी टिपून घ्या. दुसऱ्या वाचनात तत्त्वावर बोलतात, समितीच्या टप्प्यावर कलमावर. घटनात्मक विधेयकांची समिती म्हणजे बहुधा अख्खं सभागृहच असतं. संरक्षक तरतुदी कशा घट्ट झाल्या हे पाहायचं असेल तर समितीचे दिवस वाचावे लागतात, आणि नेमके तेच लोक गाळतात. मग मतविभागणीची यादी काढा आणि नावं पक्षाप्रमाणे वेगळी करा. आकड्यात मतं नोंदवून घेणारे सभासद धरलेले नसतात. लॉर्ड्समध्ये ‘हो-नाही’ ऐवजी ‘कंटेंट’ आणि ‘नॉट कंटेंट’ असं लिहितात, त्याने गोंधळू नका.

खंडाचा आकडा लिहिताना सभागृह लिहायलाच हवं. १९०९ पासून दोन्ही सभागृहांचे खंड वेगळे निघतात आणि त्यांचे क्रमांकही वेगळे चालतात. डायर चर्चेसाठी ‘कॉमन्स, खंड १३१, स्तंभ १७०५ पासून’ असं पूर्ण लिहा. पानाचा नव्हे, स्तंभाचा क्रमांक द्यायचा असतो. १९०९ च्या आधीचं हॅन्सार्ड शब्दशः घेतलेलं नाही; बरंचसं वर्तमानपत्रांवरून जुळवलेलं आणि कित्येकदा तृतीय पुरुषात आहे. त्यामुळे दादाभाईंचं भाषण तिथून घ्याल तर आशय द्या, अवतरणचिन्हं जपून वापरा.

अवतरणांचा विषय निघालाच आहे तर दोन फिरत्या संदेशांबद्दल. मेकॉले यांनी २ फेब्रुवारी १८३५ ला ब्रिटिश संसदेत ‘मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी दिसला नाही’ असं भाषण केलं, हे खोटं आहे. त्या तारखेला ते भारतात होते आणि त्यांनी लिहिलं ते शिक्षणविषयक टिपण. भारतावरचं त्यांचं गाजलेलं संसदीय भाषण १० जुलै १८३३ चं, आणि त्यात ते म्हणतात, की भारतीयांनी कधी युरोपीय संस्था मागितल्या तर तो इंग्लंडच्या इतिहासातला सर्वांत अभिमानाचा दिवस असेल. दुसरं, स्वातंत्र्य दिलं तर सत्ता बदमाश आणि लुटारूंच्या हाती जाईल, हे चर्चिल यांच्या नावावरचं वाक्य. ते हॅन्सार्डमध्ये सापडत नाही. ‘अर्धनग्न फकीर’ हे शब्द मात्र खरोखर त्यांचे आहेत, पण तेही संसदेतले नव्हेत. २३ फेब्रुवारी १९३१ ला मतदारसंघातल्या पक्षसभेत ते बोलले होते. चर्चिल यांच्या विरोधात लिहायला खरा पुरावा भरपूर आहे. बनावट वाक्य घातलं की तोच पुरावा कमजोर होतो.

शेवटी १९४७. २० फेब्रुवारीला ॲटली यांनी जाहीर केलं, की जून १९४८ च्या आत सत्ता सोपवू. लॉर्ड्समध्ये यावर टीकेचा ठराव आणला तो टेम्पलवूड यांनी, म्हणजे १९३५ चा कायदा करणाऱ्या होर यांनीच. सरकार तिथे हरणार असं दिसत असताना हॅलिफॅक्स उठले, म्हणजे पूर्वीचे आयर्विन, आणि यापेक्षा चांगला मार्ग सुचवता येत नसताना मी या निर्णयाचा निषेध करू शकत नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. ठराव मागे घेतला गेला. पदव्या मिळाल्या की ब्रिटिश राजकारण्यांची नावं बदलतात, आणि ती जुळवली नाहीत तर इथे दोन माजी हुजूर मंत्र्यांमधला वाद चालू आहे हेच लक्षात येत नाही.

कॉमन्समध्ये ५ आणि ६ मार्चला चर्चा होऊन सरकार ३३७ विरुद्ध १८५ असं जिंकलं. चार महिन्यांनी भारतीय स्वातंत्र्याचं विधेयक ४ जुलैला आलं आणि १८ जुलैला त्याला राजाची संमती मिळाली. कलमं वीस, परिशिष्टं तीन. १९३५ च्या कायद्यात ३२१ कलमं होती. दुसऱ्या वाचनाला मतविभागणीच झाली नाही, म्हणून ‘कोणी विरोध केला नाही’ असं लिहिलं जातं. मतविभागणी नाही म्हणजे यादीही नाही. पण मार्चमध्ये विरोधात गेलेले १८५ जण जुलैत मतानेच बदलले असं त्यातून निघत नाही. दोन्ही नवी राष्ट्रं आरंभी राष्ट्रकुलात, वसाहतीच्या दर्जाने राहणार हे ठरल्यावर हुजूर पक्षाच्या नेतृत्वाने विरोध सोडला होता. ती नावं हवी असतील तर ६ मार्चची यादी काढा आणि १९३५ च्या १३३ जणांच्या यादीशेजारी ठेवून एकेक नाव ताडून पाहा.